पेशंट म्हणतो की

१

घड्याळजी मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी गेले. पायाची जखम चिघळली म्हणून सकाळी रुग्णालयात आले होते, स्वतःच्या पायांनी, काठी टेकत. तीन वाजता चाचणीचा थेंब टोचला, अर्धा तास वाट पाहिली, हातावर काही उठलं नाही. पावणेचारला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. दोन मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, घसा आवळला आणि पुढची धडपड पाहायला ते शुद्धीवर राहिले नाहीत. पन्नास वर्षं लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करून दिलेला माणूस, आणि त्याच्यासाठी पंचवीस मिनिटांत कुणाला काही करता आलं नाही.

दुःख एवढ्यावर थांबलं असतं तर ते घरच्यांपुरतं राहिलं असतं. पण त्याच संध्याकाळी त्यांच्या पाकिटात एक कार्ड सापडलं. पिवळं पडलेलं, घडीवर चिरलेलं, चाळीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा दवाखान्याचं. त्यावर लाल शाईत लिहिलं होतं, या माणसाला पेनिसिलिन कधीही देऊ नये.

आणि इकडे केसपेपरवर धाकट्या सिस्टरच्या गोलमटोल अक्षरात इंग्रजी ओळ होती: पेशंट डिनाइज एनी ॲलर्जी. म्हणजे, कुठल्याही औषधाचं वावडं असल्याचं पेशंट नाकारतो.

गुरुवारी सकाळी दहा वाजता अधीक्षकांनी कार्ड आणि केसपेपर असे दोन्ही कागद दप्तरबाईंच्या टेबलावर ठेवले.

दप्तरबाई म्हणजे रुग्णालयाच्या कागदांचं माहेरघर. सव्वीस वर्षं त्या मागच्या इमारतीतल्या दप्तरखोलीत बसत होत्या, निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि त्यांच्या नजरेतून सुटलेला कागद अजून कुणी पाहिला नव्हता. नव्या नर्स आल्या की केसपेपरचं इंग्रजी शिकवायचं कामही त्यांच्याकडेच. पोरी मागून त्यांना काय काय म्हणत असतील ते असो, समोर ‘बाई’ म्हणत.

"मुलाने तक्रार केलीय," अधीक्षक म्हणाले. "त्याचं म्हणणं, वडिलांनी सांगितलं तरी सिस्टरने ऐकलं नाही आणि पेशंट गेल्यावर हा कागद बसून तयार केला. आज तीनला समिती आहे. कागद खोटा ठरला तर पोरीचं नाव नोंदणीतून कायमचं जाईल. त्यानंतर पोलीस. तुम्ही फक्त एवढंच सांगा बाई, कागद खरा की खोटा."

"खरा निघाला तर?"

"तर म्हाताराच चुकला म्हणायचं, आणि प्रकरण मिटवायचं."

अधीक्षक गेले. दप्तरबाई कार्डाकडे बघत राहिल्या. ज्या माणसाने चाळीस वर्षं हे कार्ड एका पाकिटातून दुसऱ्या पाकिटात हलवत जपलं, तो नेमका विचारल्यावर ‘नाही’ कसं म्हणाला, हे काही त्यांच्या गळी उतरेना.

२

धाकटी सिस्टर कपाटखोलीत धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांमागे बसली होती. तिला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं होतं, पण घरी जाऊन सांगणार काय, म्हणून ती आलीच होती. घराण्यातली पहिली शिकलेली मुलगी. तिच्या आईने शेजारपाजारी ‘आमची सिस्टर’ म्हणून सांगायला नुकती सुरुवात केली होती.

"विचारलं होतंस?" दप्तरबाईंनी समोरच्या गठ्ठ्यावर बसत विचारलं.

"विचारलं बाई. पेशंटने वावडं नाकारलं."

"कसं नाकारलं?"

"नाकारलं. कागदावर आहे ना."

"कागद मी वाचलाय. तू काय पाहिलंस ते सांग."

"अकरा चाळीसला पेशंटची माहिती घेतली. पेशंटने सांगितलं की मधुमेहाची गोळी दोनदा चालू आहे. पेशंटने सांगितलं की यापूर्वी रुग्णालयात राहिलेले नाहीत. पेशंटने वावडं नाकारलं." ती पाढे म्हणावेत तसं म्हणत होती. डोळे रडून सुजलेले, आवाज मात्र सपाट. "त्या सकाळी अकरा पेशंट आले बाई, आणि आम्ही दोघी. मला चेहरेसुद्धा आठवत नाहीत. पण मी लिहिलंय म्हणजे ते बोलले असणारच. मी खोटं लिहीन का?"

"आधी कच्च्या चिठ्ठीवर लिहितेस ना? ती चिठ्ठी?"

"फाडून टाकली. केसपेपर झाला की कच्चं काही ठेवायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

हे खरंच होतं. वर्गात दप्तरबाई दोन गोष्टी घासून घेत. एक, चिठ्ठी फाडायची. दुसरी, इंग्रजीत बोलणं सांगायची रीत. या नव्या पोरी आपसात बोलताना सर्रास म्हणत, "ही वॉज लाइक, नो नो," आणि पुढे तोंड वाकडं करून, हात उडवून, समोरच्याचं अख्खं सोंग वठवून दाखवत. दप्तरबाईंना त्याचा भारी तिटकारा. "केसपेपरवर कुणी ‘लाइक’ नसतं," त्या म्हणत. "पेशंट स्टेट्स, पेशंट कम्प्लेन्स, पेशंट डिनाइज. एवढ्या तीन क्रियापदांत जगातला प्रत्येक आजारी माणूस बसतो." त्यांच्या हाताने टाइप केलेला तसा एक नमुना एकोणीस वर्षं वॉर्डाच्या भिंतीवर, काचेत होता. प्रत्येक ओळ ‘पेशंट’पासून सुरू होणारी.

"बाई," सिस्टर हळूच म्हणाली, "मला खरं म्हणजे काहीच आठवत नाहीये. मीच तर नाही ना मारलं त्यांना?"

दप्तरबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या उठल्या.

३

कागद नंतर तयार करायला संधी कुणाला होती? साडेचार ते साडेपाच, तासभर केसपेपर डॉक्टरांच्या खोलीत होता. दार आतून बंद.

डॉक्टर चाळिशीचे, दोन दिवसांत दाढी न केलेले. "विचारा," ते म्हणाले. "सगळे मनात विचारतातच आहेत. मी तो तास नुसता बसून होतो. एक अक्षर लिहिलं नाही."

"इंजेक्शनच्या आधी तुम्ही स्वतः वावड्याचं विचारलं होतं?"

"नाही. केसपेपर वाचला. ‘डिनाइज’ लिहिलंय म्हटल्यावर पुढे गेलो. नकार इतका ठाम लिहिलेला असला, की पुन्हा विचारणं म्हणजे सिस्टरवर अविश्वास दाखवण्यासारखं वाटतं." ते खिडकीकडे बघत बोलत होते. "मोठा हसतमुख म्हातारा होता हो. दुखतंय का विचारलं, हसला. पाय हलवता येतो का विचारलं, हसला. जखम भयंकर होती आणि हा हसतोय. मला वाटलं, काय धीराचा माणूस."

"बोलले काय?"

डॉक्टर आठवू लागले.

"काही नाही," ते शेवटी म्हणाले.

दप्तरखोलीत परतून बाईंनी केसपेपर पुन्हा पुढ्यात घेतला. आता त्या वावड्याच्या ओळीकडे पाहत नव्हत्या. त्या ओळीकडे सगळेच पाहत होते, तेव्हा तिथे नवीन काही मिळणार नव्हतं. त्यांनी वरपासून एकेक ओळ बोट ठेवून वाचली. भूक बरी. गोळ्या दोनदा. आणि झोप या रकान्यात सिस्टरने लिहिलं होतं, पेशंट म्हणतो की तो खूप मोठ्याने घोरतो आणि पहाटे झोपेत बडबडतो.

बाईंचं बोट तिथेच थांबलं.

कागद खोटा नव्हता, एवढं या एका ओळीने सिद्ध होत होतं. जीव वाचवायला बनाव करणारा माणूस वावड्याची ओळ लिहील, भूक-तहान लिहील, पण घोरणं कशाला रचेल? ते कुणीतरी सांगितलं होतं म्हणूनच लिहिलं गेलं होतं. अधीक्षकांना हवं असलेलं उत्तर मिळालं होतं. आता मिटवायचं तर मिटवता येत होतं.

पण मनुष्य घोरतो हे त्याला स्वतःला कधी कळतं?

आणि पहिल्या पानावर घड्याळजींच्या नावापुढे लिहिलं होतं: विधुर.

४

प्रत्येक वॉर्डात एक जाड वही असते, जिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पेशंटला रुग्णालयाचे कपडे घालताना त्याच्या सुट्या वस्तू नातेवाइकाच्या हाती देऊन तिच्यात सही घ्यायची. कवळी हरवली, चष्मा फुटला, असली भांडणं नकोत म्हणून. दप्तरबाईंनी ती वही मागवली. मंगळवारचं पान काढलं.

अकरा वाजून वीस मिनिटे. चष्मा एक. दातांची कवळी एक. पाकीट एक. ऐकण्याचं यंत्र एक. सर्व वस्तू मिळाल्या. खाली बारीक, उभट सही.

बाईंनी त्या वेळेवर बोट ठेवलं. अकरा वीसला त्या माणसाचे कान काढून घेतले, आणि अकरा चाळीसला त्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. म्हातारा हसत होता तो धीराने नव्हे. समोरचा तोंड हलवतो आहे, बहुधा चांगलंच काही म्हणत असेल, म्हणून हसत होता. आणि पाकीटही त्याच वेळी गेलं होतं. ते कार्डसुद्धा.

एक वाजता मुलगा आला. पन्नाशीतला, कडक इस्त्रीचा, हातात तक्रारीची प्रत. सोबत त्याची थोरली बहीण. बहीण खुर्चीच्या कडेवर बसली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून राहिली.

"आम्हाला नुकसानभरपाई वगैरे नको," मुलगा म्हणाला. "बाबांनी बजावून सांगितलं होतं, तरी त्या पोरीने ऐकलं नाही. दुसऱ्या कुणाच्या बापाबाबत असं होऊ नये, एवढंच."

तक्रार इंग्रजीत होती, वकिलाकडून घेतल्यासारखी. माय सिस्टर स्टेट्स दॅट अवर फादर कॅटेगॉरिकली इन्फॉर्म्ड द नर्स. माझी बहीण सांगते, की आमच्या वडिलांनी नर्सला ठामपणे कळवलं होतं.

"तुम्ही तिथे होतात?" बाईंनी विचारलं.

"मी खाली नोंदणीच्या खिडकीवर होतो. ही पावती. टोकन अकरा पंचवीसचं, काम संपलं अकरा पन्नासला. वर ताई होती. ताई म्हणते ना, बाबांनी सांगितलं म्हणून."

ताई जमिनीकडे बघत होती.

"वडिलांच्या घरी कोण कोण?"

"मी आणि माझी माणसं वरच्या मजल्यावर. बाबा खाली, दुकानाच्या मागच्या खोलीत. ताई तिच्या सासरी असते, पण पाय बिघडल्यापासून बारा दिवस येऊन राहिली होती. त्यांच्या शेजारच्याच खोलीत."

"झोप होत होती का हो तुमची?" बाईंनी बहिणीला विचारलं.

"कसली झोप," मुलगाच म्हणाला. "बाबा असे घोरायचे की भिंत हलायची. पहाटे उठून बडबड वेगळी. ताई कंटाळून गेली होती."

"आणि पाकिटातलं ते कार्ड? ते आधी कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही. आईला असेल, पण ती जाऊन सहा वर्षं झाली. बाबा स्वतःबद्दल बोलायचेच नाहीत. मंगळवारी संध्याकाळी ताईने पाकीट उघडलं, कार्ड माझ्या हातात ठेवलं आणि मटकन खाली बसली. तेव्हापासून नीट जेवलीसुद्धा नाही."

"पाणी देऊ का तुम्हाला?" बाई पुन्हा बहिणीकडे वळल्या.

"नको तिला," मुलगा म्हणाला.

बाईंनी पेला भरला आणि बहिणीच्या हातात दिला. तिने तो एका दमात रिकामा केला.

५

दप्तरबाई परत कपाटखोलीत गेल्या तेव्हा दोन वाजायला आले होते. अंदाज बांधून झाला होता. पण समितीपुढे अंदाज चालत नाही. आणि चुकीच्या अंदाजाने कुणाचा गळा आवळला जाईल, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"ऊठ," त्या सिस्टरला म्हणाल्या. "आता केसपेपर विसर. खोलीवर गेल्यावर मैत्रिणीला दिवसाची हकीकत सांगतेस ना? तशी सांग. तुझ्या त्या इंग्रजीत."

"कुठल्या?"

"लाइक-वाल्या."

सिस्टर त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही रागवाल."

"आज नाही रागावणार."

पोर उभी राहिली. आधी अडखळली, मग चादरींच्या गठ्ठ्यालाच पलंग समजून तिने सुरुवात केली. "मी गेले. आजोबा उशीला टेकून, असे." ती मान तिरकी करून हसली, आणि क्षणभर दात नसलेला तो म्हातारा खरंच खोलीत आला. "आय वॉज लाइक, आजोबा, कसं वाटतंय? ही वॉज लाइक..." पुन्हा तेच हसू. "मग मी गोळ्यांचं विचारलं, झोपेचं विचारलं, पटापट चाललेलं, बाहेर चार पेशंट उभे. मग म्हटलं, कुठल्या औषधाचा त्रास होतो का? अँड इट वॉज लाइक..."

तिची मान खाली गेली. दोन्ही हात पोटाजवळ आले आणि बोटं कशाशी तरी चाळा करू लागली. दमलेल्या, सावकाश आवाजात ती म्हणाली, "नाही हो. तसलं काही नाही."

"थांब," दप्तरबाई म्हणाल्या. "हातांनी काय करते आहेस?"

"कुठे काय?"

"पुन्हा कर."

सिस्टरने पुन्हा केलं, या वेळी स्वतःच्या हातांकडे बघत. डाव्या मुठीत काहीतरी धरलेलं, उजव्या हाताने टोकं ओढून आवळायची.

"गाठ मारतेय," ती म्हणाली. "रुमालाला. आत काहीतरी होतं, चष्म्याची काडी बाहेर आली होती." मग अगदी हळू म्हणाली, "आजोबांच्या हाताला तर सलाईन होतं."

बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं. तिचा आवाज लांब गेला.

"बाई, आजोबा एक शब्दही बोलले नाहीत," सिस्टर म्हणाली. "सगळं त्या बाई सांगत होत्या. आणि मी सगळीकडे ‘पेशंट’ लिहिलं. आम्ही असंच लिहितो. पोर असलं तर आई बोलते, म्हातारं असलं तर सून बोलते, कागदावर मात्र पेशंट. भिंतीवर तसंच आहे ना."

"हो," दप्तरबाई म्हणाल्या. "भिंतीवर तसंच आहे."

बनावाचा शोध घेत त्या निघाल्या होत्या, आणि काखेत कळसा तसं बोट शेवटी त्यांच्याच काचेतल्या नमुन्यावर येऊन टेकलं होतं. लाइक म्हणणाऱ्या पोरींनी निदान बोलणारा माणूस तरी डोळ्यांपुढे उभा केला असता. त्यांच्या शुद्ध इंग्रजीने तो पुसून टाकला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली.

६

भावाला त्यांनी अधीक्षकांकडे तक्रारीवर सही करायला पाठवलं आणि बहिणीला दप्तरखोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं. वस्तूंच्या वहीवरची बारीक, उभट सही तिच्यापुढे ठेवली, पण बोट लावलं नाही.

"ताई, दोन दिवस सगळे तुमच्या वतीने बोलताहेत. तुम्हाला कुणी विचारलंच नाही. मी विचारते. तुम्ही काय म्हणालात?"

बहिणीने वही जवळ ओढून सही पाहिली.

"मी म्हणाले, नाही हो, तसलं काही नाही." शब्द तेच होते. "मला खरंच माहीत नव्हतं. बाराव्या रात्रीचं जागरण होतं. ती मुलगी भराभर विचारत होती, बाबांना ऐकू येत नव्हतं, म्हणून मी भराभर सांगत होते. तिला बरं वाटावं म्हणून. लवकर आटपावं म्हणून. यंत्र माझ्या हातात होतं. कानाला लावून एकदा बाबांना विचारायला किती वेळ लागला असता?"

तिने पिशवीतून रुमाल काढला. गाठ अजून तशीच होती. यंत्र, चष्मा आणि कवळी आतच होती. फक्त पाकीट कडेने ओढून काढलेलं दिसत होतं.

"कार्ड या मुठीत होतं," ती म्हणाली. "मी ‘नाही’ म्हणाले तेव्हा कार्ड या मुठीत होतं."

दप्तरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. सांत्वनाची वाक्यं त्यांना येत होती, पण त्यातलं एकही या मुठीपुढे टिकणारं नव्हतं.

"भावाला मी काही सांगितलं नाही. तो म्हणाला, बाबांनी सांगितलं असेलच ना ताई, आणि मी गप्प बसले. त्याने ते लिहूनच टाकलं." तिने वर पाहिलं. "तुम्ही समितीपुढे हे सांगणार?"

"मी नाही सांगितलं तर त्या पोरीचं आयुष्य जाईल."

"आणि सांगितलंत तर माझा भाऊ माझं तोंड बघणार नाही. माहेर म्हणून आता तोच आहे."

भिंतीवरच्या घड्याळात तीनला पाच कमी होती.

"कोण काय म्हणालं ते दुसऱ्याने सांगायचं, यातूनच हे सगळं झालंय," दप्तरबाई म्हणाल्या. "तुमचं बोलणं मी सांगणार नाही. मी फक्त माझं सांगेन."

७

लांब टेबल, पाण्याचा तांब्या, समितीचे तिघे, समोर मुलगा आणि त्याची बहीण, आणि कोपऱ्यात बोलणं इंग्रजीत टिपून घेणारा लेखनिक. सिस्टर भिंतीपाशी उभी होती. बस म्हटलं तरी बसली नव्हती.

दप्तरबाईंनी काचेतला नमुना भिंतीवरून काढून आणला होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

"कागद खरा आहे," त्या म्हणाल्या. "नंतर बनवलेला नाही. पण घड्याळजींना तेव्हा ऐकू येत नव्हतं आणि ते काही बोलले नाहीत. या पोरीने जे ऐकलं ते लिहिलं, फक्त कुणाच्या तोंडून ऐकलं ते लिहिलं नाही, कारण ते लिहायला या नमुन्यात जागाच नाही. नमुना माझा आहे. खाली माझी सही आहे. दोष वाटायला बसाल तेव्हा माझा वाटा विसरू नका."

समितीचे अध्यक्ष पुढे झुकले. "पेशंट बोलला नाही, तर बोललं कोण?"

दप्तरबाई गप्प राहिल्या. सिस्टरने मान खाली घातली. तीही बोलली नाही.

मुलगा ताडकन उभा राहिला. "हे काय नवीन? बाबांनी सांगितलं होतं. माझी बहीण म्हणते की..."

"थांब," बहीण म्हणाली.

ती उठली नाही. रुमाल तिच्या मांडीवर होता.

"मी काय म्हणते ते मला म्हणू दे. त्या मुलीने विचारलं, कुठल्या औषधाचा त्रास होतो का. बाबांना ऐकू आलं नाही. मी म्हणाले, नाही हो, तसलं काही नाही. बाबांनी काही सांगितलं नव्हतं. मी म्हणाले."

लेखनिकाने पेन उचललं, क्रियापदापाशी अडला आणि दप्तरबाईंकडे पाहिलं. इथलं इंग्रजी त्याला त्यांनीच शिकवलं होतं. "बाई, ‘ॲडमिटेड’ लिहू?"

"कबूल करायला गुन्हा लागतो," दप्तरबाई म्हणाल्या. "‘सेड’ लिहा. आणि कोण, ते पहिल्यांदा लिहा."

मुलगा अजून उभाच होता. हातातली तक्रारीची प्रत त्याने उघडली, ती एक ओळ वाचली, आणि कागद पुन्हा मिटला. मग तो बहिणीच्या शेजारच्या खुर्चीत बसला. त्याने तिच्या मांडीवरचा रुमाल उचलला, नखाने गाठ सोडवायचा प्रयत्न केला. गाठ पक्की होती. सुटायला वेळ लागला. आतलं यंत्र त्याने तळहातावर घेतलं.

"वर मी थांबलो असतो," तो म्हणाला, "तर मीही ‘नाही’च म्हणालो असतो."

बहिणीने तोंड झाकून घेतलं आणि दोन दिवस दाबून धरलेलं रडू तिला आवरेना. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सिस्टरला हाताने खूण केली. या वेळी ती बसली.

"हे लिहायचं का?" लेखनिकाने दबक्या आवाजात विचारलं. "हे काही कुणी विचारलं नव्हतं."

"लिहा," मुलगा म्हणाला. "मुलगा म्हणाला, असं लिहा."

लेखनिकाने तसं लिहिलं.